आधीच्या खुणांवर विसंबू नका

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. सह्याद्रीत भरपूर हिंडलाय, दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन स्की शिकलाय. येत्या फेब्रुवारीत मित्रांबरोबर तिथल्या अफरवाट शिखराच्या माथ्यावरून, दोरीबाहेरच्या (म्हणजे स्कीसाठी आखून दिलेल्या भागाबाहेरच्या) उतारावर उतरायचं म्हणतो. हिमस्खलनाचं विचारलं की सांगतो, "आई, बर्फ पडून दोन दिवस झाल्याशिवाय जाणार नाही, ऊन असेल, आणि आधी कुणी उतरल्याच्या खुणा असतील तिथूनच उतरू." एवढी काळजी पुरेशी आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, नाही. दोन दिवस थांबायचं हे त्याचं बरोबर आहे; नव्या बर्फानंतरचे पहिले एक-दोन दिवस फार वाईट असतात. पण कधीकधी खरी भीती महिनाभर आधी पडून तळाशी गेलेल्या बर्फाची असते, आणि तो वरून दिसत नाही.

मी तो पहिल्यांदा पाहिला प्रशिक्षणात, उतारावर छातीइतका खड्डा खणताना. वरचा दीड हात बर्फ इतका घट्ट, की फावड्याने चौकोनी ठोकळे निघत होते. जमिनीलगत मात्र एक राखाडी पट्टा होता. त्यात बोटं घातली तर जाड्या रव्यासारखा भसाभस ओघळायला लागला. मुठीत दाबून गोळा करायला गेले, होईना. भिंगाखाली एकेक कण कंगोरेदार, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा. सरांनी ठोकळ्यावर फावडं पालथं ठेवून तळहाताने थापा मारल्या. चार-पाच थापांतच अख्खा ठोकळा त्या रव्यावरून सटकून माझ्या गुडघ्यांवर आला.

हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर रात्रीची कडक थंडी. खालून वाफ वर सरकत राहते आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटत जाते. मग पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा, येतो, नवा बर्फ टाकतो, वारा तो उडवून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला साठवतो. त्या सुट्या कणांवर त्याची लादी, म्हणजे घट्ट सलग थर, होते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर ती मोडायला एका माणसाचं वजन पुरतं. लादीच्या हिमस्खलनात सापडलेल्यांपैकी बहुतेकांनी ती स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी मोडलेली असते. मुलाला एवढं एक वाक्य तरी जरूर वाचून दाखवा.

आता खुणांचं. लादी सगळीकडे सारखी जाड नसते. पाच जण जाड भागावरून सुखरूप उतरतात, सहावा खडकाजवळच्या पातळ जागी वळतो आणि तडा त्याच्या वरच्या अंगाला जातो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच अफरवाटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. त्याआधी ऑक्टोबर २०२२मध्ये उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडावर गिर्यारोहणाचं रीतसर प्रशिक्षण घेणारी तुकडी हिमस्खलनात सापडली होती. ते आठवलं की अजून घसा दाटून येतो.

सरकारी इशारा तो बघत असेलच. पण तो 'बारामुल्ला जिल्हा, अमुक मीटरच्या वर' असा सबंध जिल्ह्यासाठी असतो, त्याच्या उतारासाठी नव्हे. त्या दिवशीच्या बर्फाबद्दल गुलमर्गच्या स्की पेट्रोलला, म्हणजे उतारांवर लक्ष ठेवणाऱ्या पथकाला, सकाळीच विचारायचं, आणि तिथला जाणता गाइड नसेल तर दोरीबाहेर जायचंच नाही. बर्फावर पाऊल ठेवल्यावर 'धप्प' असा पोकळ आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून चीर पळाली, तर तिथूनच मागे. पुढे उताराखालच्या सपाटीवरही थांबायचं नाही. उतार एकेकट्याने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची.

आणि प्रत्येकाच्या अंगावर चालू ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. तेवढ्यात खालून मदत पोचत नाही, मित्रांनाच खणावं लागतं. म्हणून जायच्या आधी नाशिकमध्येच एखाद्या मैदानावर ट्रान्सीव्हर पिशवीत घालून पाचोळ्याखाली लपवा आणि घड्याळ लावून शोधायला सांगा. पहिल्या दिवशी त्यांना किती वेळ लागतो ते तुम्ही स्वतः उभं राहून बघा. फावडं धातूचंच घ्यायला लावा. हिमस्खलन थांबलं की बर्फ काँक्रीटसारखा आवळतो, प्लास्टिकचं पातं त्यात वाकतं.