टॅमॉक्सिफेन आणि गर्भाशयातल्या गाठी : तेच ते प्रश्न

टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची गोळी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन अडवते ना? मग फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, वाढतात कशा?

स्तनात अडवते. गर्भाशयात मात्र ती थोडीफार इस्ट्रोजेनसारखीच वागते. त्यामुळे गाठी वाढू शकतात. सगळ्यांच्याच वाढतात असं नाही.

पाळी जाऊन सहा वर्षं झाली, गोळी तीन वर्षं चालू आहे. दोनदा लालसर डाग दिसला. जुन्या गाठींमुळेच असेल असं सगळे म्हणतात. वाट पाहू का?

अजिबात नाही. ‘गाठींमुळेच असेल’ या एका वाक्यापायी बायका महिने घालवतात. पाळी गेल्यावरचा एक डागसुद्धा, तपकिरी असला तरी, तपासायचाच. टॅमॉक्सिफेनमुळे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात पॉलिप (मऊ कोंब) होतो, अस्तर वाढतं, क्वचित कर्करोगही होतो. निव्वळ सोनोग्राफीवर विसंबू नका. एरवी अस्तर ४ मिमी किंवा कमी असेल तर धीर येतो. या गोळीवर अस्तराखाली बारीक पाण्याच्या पुटकुळ्या होतात, अस्तर उगाच जाड दिसतं आणि आकडा फसवतो. म्हणून अस्तराचा तुकडा तपासावा लागतो, बहुधा दुर्बिणीतून पाहून. डाग दिसल्याच्या तारखा लिहून याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. पाळी गेल्यावर गाठ भराभर वाढत असेल, तर तीही दाखवा.

उलट, काहीच त्रास नसताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीची ‘पॅकेजं’ घेऊ नका. जाड अस्तर दिसतं, मग विनाकारण क्युरेटिंग (अस्तर खरवडणं) होतं.

गाठी वाढल्यात. गोळी बंद करू?

स्वतःहून नाही. पाळी गेलेली असेल तर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्यांचा विचार होतो. त्यांनी गाठींना खतपाणी मिळत नाही, पण हाडं ठिसूळ होतात. पाळी चालू असताना ही औषधं एकटी देत नाहीत, बीजकोश उलट चेतवले जातात. निर्णय कर्करोगतज्ज्ञांचा.

वय कमी आहे, पण गोळी सुरू झाल्यावर पाळी थांबलीय. गर्भनिरोधक हवं?

हवं. पाळी थांबली म्हणजे बीज सुटत नाही असं नव्हे, आणि ही गोळी गर्भाला घातक आहे. हार्मोनच्या गोळ्या चालणार नाहीत. तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून गाठी असतील तर विचारून ठरवा, तोवर निरोध.

गाठी विरघळवणारं चूर्ण घेऊ?

नको. गाठी विरघळत नाहीत, पैसे विरघळतात.

गर्भपिशवी काढायची ठरली आहे. गोळी चालू ठेवू?

या गोळीने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. कधी थांबवायची, कधी सुरू करायची हे सर्जन आणि कर्करोगतज्ज्ञ दोघांना आधीच विचारा. मधेच एक पोटरी सुजली किंवा एकाएकी दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.