कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी सायकॉलॉजिस्टकडे पाठवलंय. म्हणजे माझं दुखणं खोटं आहे असं त्यांना वाटतं का?

नाही, तसं नसावं. तुम्ही लिहिलंय की वय ३४, हिंजवडीत दिवसभर बैठं काम, दोन वर्षं कंबर दुखतेय, एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली चकती फुगलेली) आहे पण ऑपरेशनची गरज नाही. मलाही असंच पाठवलं होतं. घरी सांगितल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "अगं, कंबर दुखतेय ना तुझी, मग डोक्याचा डॉक्टर कशाला?"

आधी त्या एमआरआयबद्दल. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली आला. त्यात तिशीतल्या निम्म्याहून थोड्या जास्त जणांच्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि सुमारे ४० टक्के जणांच्या फुगलेल्या. त्यांना काही त्रास नव्हता. तेव्हा रिपोर्टमधली ती ओळ तुमच्या दुखण्याचं कारण असेलच असं नाही. उलट, पाय कापावा लागलेल्या माणसाचा नसलेला अंगठा ठणकतो, आणि तो ठणका खराच असतो. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्येच मांडलं होतं की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून वर जाताना वाटेतच कमी-जास्त होतो, आणि मेंदूही वरून त्यात हात घालतो. भीती, चिंता, लक्ष कुठे आहे, या सगळ्याचा तिथे संबंध येतो. महिनोन्महिने दुखत राहिलं की मज्जासंस्था हळवी होऊन बसते. सायकॉलॉजिस्ट काम करतात ते तिथे.

बालपणाबद्दल विचारतील अशी माझी समजूत होती. सायकॉलॉजिस्ट बाईंनी विचारलं, "ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी काय काय करता?" खरा घोळ तिथेच निघाला. बरं वाटलं की मी साचलेलं सगळं एकदम काढायचे: माळा आवरणं, मंडईची खेप, दिवाळी जवळ असली तर चकल्यांचा घाणा. मग पुढचे दोन-तीन दिवस आडवी. उठले की पुन्हा तेच. दर खेपेला आडवं पडणं वाढत गेलं आणि काम कमी होत गेलं.

त्यावरचा उपाय ऐकायला अगदीच साधा आहे. किती करायचं हे कंबरेवर सोडायचं नाही, घड्याळावर ठरवायचं. ओट्याशी किती वेळ उभं राहिलं तरी दुखणं वाढत नाही ते बघायचं, त्याहून थोडा कमी वेळ धरायचा आणि गजर लावायचा. गजर झाला की कणीक अर्धी मळलेली असली तरी बसायचं. वाईट दिवशीही शक्यतो तेवढंच करायचं, आणि चांगल्या दिवशीही तेवढंच. मला चांगल्या दिवशी थांबणं जास्त जड गेलं. जमेल तसा वेळ वाढवत न्यायचा. चालण्याचंही तसंच केलं: आधी सोसायटीच्या आवारात, मग तळजाईवर, आणि बऱ्याच महिन्यांनी पर्वतीच्या पायऱ्या.

याच्या जोडीने भीतीवर काम झालं. "वाकले तर मणका सरकेल" हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. फिजिओथेरपिस्टला विचारून आधी रिकामी पिशवी उचलली, मग भाजीची.

घरच्यांनाही एकदा सोबत न्या. अमेरिकेतल्या विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच दाखवून दिलं की कण्हल्यावर लगेच मिळणारा आराम आणि काळजी नकळत दुखण्यालाच बळ देते. आमच्याकडे "तू उठू नकोस, मी करते" हे प्रेमानेच चाललं होतं. आता नवरा दुखण्याची चौकशी न करता "चालायला येतेस का?" एवढंच विचारतो. सुरुवातीला मला ते फार लागलं, हेही सांगून ठेवते.

चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. ३४२ जणांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात (२०१६) सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारा मानसोपचार) किंवा माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणावर शांतपणे लक्ष ठेवण्याचा सराव) घेतलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांचे रोजचे व्यवहार सहा महिन्यांनी लक्षणीय सुधारले. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४४ टक्के होतं. माझी कंबर आजही दुखते, पण मी सुट्ट्या टाकत नाही. तुमच्या कंपनीतला कुणी "पॉझिटिव्ह विचार कर" म्हणाला तर हसून सोडून द्या, या उपचाराचा त्याच्याशी काही संबंध नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी आहे का आणि दीर्घकालीन वेदनेचे पेशंट ते बघतात का, हे फोनवरच विचारा. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आणि लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद कमी होणं यांपैकी काहीही झालं, तर सायकॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप किंवा विनाकारण वजन उतरणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.