वाचकांचे प्रश्न : क्रूझच्या बंदरावर आपापलं फिरताना

प्रश्न : बार्सिलोना, मार्से, चिवितावेक्किया (रोम), नेपल्स अशी सात रात्रींची क्रूझ बुक केली आहे. जहाजाच्या सहली चौघांना परवडणाऱ्या नाहीत, त्यामुळे आपापलं फिरायचं ठरवलंय. जहाजावर मिळणाऱ्या नकाशात नुसती दागिन्यांची दुकानं असतात म्हणे. मग कामाचे नकाशे मिळवायचे कुठून? (पुणे)

उत्तर : तो नकाशा खरोखरच दुकानांचा असतो, त्यावर वेळ घालवू नका. शहराचा नकाशा मिळवणं मुळीच अवघड नाही, तो फोनमध्ये आहेच. अडतं ते पहिल्या दोन-तीन किलोमीटरला. जहाज नेमकं कुठल्या धक्क्याला लागणार, बाहेर पडायचं फाटक कोणतं, आणि तिथून गावात जायला काय मिळतं, एवढं आधी शोधायचं. रोमची प्रेक्षणीय स्थळं नंतर.

तुमच्याच यादीतलं मार्से घ्या. गूगलवर ‘मार्से बंदर’ टाकलंत की तो तुम्हाला जुन्या बंदरावर नेऊन सोडतो. तिथे शिडाच्या होड्या आणि मासळीबाजार आहे. मोठी क्रूझ जहाजं मात्र तिथून उत्तरेला आठ-नऊ किलोमीटरवर, मालवाहू गोद्यांच्या पलीकडे लागतात. हॉटेल शोधावं तसं बंदर नुसत्या नावाने शोधलं तर पहिला तास तिथेच जातो. चिवितावेक्कियालाही तेच. जहाजाच्या पत्रकात ‘रोम’ छापलेलं असतं, पण रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. बार्सिलोनात बहुतेक मोठी जहाजं पुलापलीकडच्या मॉल अडोसाट धक्क्यावर लागतात. तिथून शहरातल्या कोलंबसाच्या पुतळ्यापर्यंत बंदराची बस आहे. चालत जायचं मनात आणू नका, उन्हात कंटेनरच्या रांगांशेजारून ती वाट संपता संपत नाही.

धक्का शोधण्याचा क्रम असा. आधी त्या बंदराच्या अधिकृत संकेतस्थळावर जहाजांचं वेळापत्रक पाहा. बऱ्याच मोठ्या बंदरांच्या वेळापत्रकात तारखेसमोर जहाजाचं नाव आणि टर्मिनल दिलेलं असतं. चिवितावेक्कियाच्या शटल बसची माहिती ‘पोर्ट मोबिलिटी’च्या साइटवर मिळते. दुसरी युक्ती अधिक भरवशाची : भूमध्य समुद्रातली सात रात्रींची जहाजं बहुधा दर आठवड्याला तीच फेरी मारतात. म्हणून निघण्याआधीच्या आठवड्यात, जहाज त्या बंदरात असेल त्या दिवशी ‘मरीन ट्रॅफिक’ या जहाजांचा ठावठिकाणा नकाशावर दाखवणाऱ्या साइटवर त्याचं नाव टाका. ठिपका ज्या धक्क्यावर दिसेल तिथेच तुमचंही जहाज लागण्याची शक्यता मोठी. मग गूगलचं उपग्रहचित्र उघडा, धक्क्यापासून फाटकापर्यंतचा रस्ता बोटाने मागोवा घेत पाहा, आणि फाटकाबाहेर ‘स्ट्रीट व्ह्यू’ टाकून पदपथ, बसथांबा, टॅक्सीतळ डोळ्यांनी बघून ठेवा. धक्का ऐनवेळी बदलू शकतो, तेव्हा आदल्या रात्री खोलीत येणारं दैनिक पत्रक वाचायचंच.

गावातल्या माहितीसाठी ‘विकिव्हॉयेज’ ही प्रवासाची मोफत साइट पुरेशी आहे. तिथल्या प्रत्येक गावाच्या पानात ‘कसं पोचायचं’ हा भाग वाचा. बसचे क्रमांक आणि भाडी जुनी असू शकतात, ती तिथल्या परिवहन कंपनीच्या साइटवर ताडून घ्या.

प्रश्न : जहाजावर नेट महाग, आणि उतरल्यावर सिम चालेलच असं नाही. नेट नसताना नकाशा चालतो का? (ठाणे)

उत्तर : चालतो, पण कोणत्या अॅपमध्ये काय चालतं ते माहीत हवं. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा उतरवता येतो (उजवीकडच्या आपल्या फोटोवर टिचकी, मग ऑफलाइन नकाशे, मग हवा तो चौकोन). मात्र नेट गेल्यावर त्यात गाडीचा मार्ग मिळतो. चालत जाण्याचा आणि बस-ट्रेनचा मिळत नाही. तुम्हाला तर नेमके तेच दोन हवे असतात! म्हणून सोबत ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ किंवा ‘ऑसमअँड’ घ्या. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावर चालतात आणि पायवाटांसकट चालण्याचा रस्ता नेटशिवाय दाखवतात. नकाशे प्रदेशवार असतात, ते घरच्या वायफायवर उतरवा. जीपीएस विमान मोडमध्येही चालतं.

विमान मोडचा विषय निघालाच आहे तर : जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि ते उपग्रहावरून चालतं. फोन आपोआप ते पकडतो आणि रोमिंग सुरू असेल तर बिल डोळे पांढरे करतं. जहाज सुटायच्या आधी विमान मोड, वायफाय हवं तर वेगळं सुरू.

प्रत्येक बंदरासाठी पाच खुणा आधीच करून ठेवा : फाटक, शटलचा परतीचा थांबा, रेल्वे स्थानक, मुख्य ठिकाण आणि एक स्वच्छतागृह. ओपनस्ट्रीटमॅपवर पिण्याच्या पाण्याच्या जागाही असतात. रोमच्या रस्त्यांवर ‘नासोनी’ नावाचे लोखंडी नळ चोवीस तास वाहतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून पाण्याची धार उडते आणि थेट पिता येतं. बाटली भरायची तर बोट लावू नका.

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे आहेत. चिवितावेक्कियाहून रोमला स्वतः जाणं जमेल का? जहाज चुकलं तर? (नाशिक)

उत्तर : जमेल, हिशोब नीट केला तर. पत्रकात सकाळी ७ ते संध्याकाळी ७ असं लिहिलेलं असतं, त्याचे बारा तास कधीच हातात येत नाहीत. धरून चला : उतरायला पावणेआठ. बंदराची शटल लार्गो देल्ला पाचे या ठिकाणी सोडते, तिथून स्थानकापर्यंत चालत साधारण वीस मिनिटं किंवा गावची बस, आई-वडिलांसाठी बसच. नऊच्या सुमाराची लोकल (तिथे रेजिओनाले म्हणतात) धरली तर तासाभरात रोमा सान पिएत्रो स्थानक. सेंट पीटर्स तिथून चालण्याच्या अंतरावर आहे, म्हणून टर्मिनी या रोमच्या मुख्य स्थानकापर्यंत जाऊच नका. परतताना जहाजावर चढण्याची अखेरची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. म्हणजे सहा धरा. आपण साडेपाचला बंदरात असलं पाहिजे, तर सान पिएत्रोहून चारच्या आतली गाडी. हातात राहिले सहा तास. त्यात व्हॅटिकन आणि एखादं जवळचं ठिकाण. कलोसियमही घुसवलंत तर दिवसभर घड्याळ बघाल. व्हॅटिकन संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात, हे बुकिंगआधी बघा.

कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचं, मोबाइलवरच्या तिकिटाला चेक-इन करायचं. तिकीट काढलेलं असूनही दंड भरणारे बहुतेक इथेच अडकतात. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी संपातही ६ ते ९ आणि १८ ते २१ या वेळात ठरावीक गाड्या धावतात. परतीची वेळ त्यात बसत नाही, तेव्हा संपाचा दिवस निघाला तर चिवितावेक्कियातच राहा किंवा त्या दिवसापुरती जहाजाची सहल घ्या. त्यांची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, आपल्यासाठी थांबत नाही.

जहाज चुकलंच तर जहाजाच्या बंदरातल्या एजंटाला फोन करायचा, त्याचा नंबर दैनिक पत्रकावर असतो. पत्रकाचा फोटो काढा, शिवाय तो कागदही खिशात ठेवा. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा दोन्हींच्या रंगीत प्रती सोबत हव्यात. तुमच्या या फेरीत वेळ बदलत नाही, पण ग्रीस-तुर्कस्तानकडे घड्याळ तासा-दोन तासांनी पुढे असतं आणि जहाजाची वेळ वेगळी असू शकते. अशा वेळी जहाजाच्या वेळेवर लावलेलं साधं मनगटी घड्याळ फोनपेक्षा बरं.

प्रश्न : नेपल्सहून पॉम्पेईला कोणती ट्रेन? (कोल्हापूर)

उत्तर : नेपल्सचं क्रूझ टर्मिनल शहराच्या पोटातच आहे. समोरच म्युनिचिपिओ मेट्रो. लाइन १ ने गारिबाल्दी, तिथून सर्कमवेसुवियाना ही लोकल रेल्वे. गाडी सोरेंतोकडे जाणारीच हवी आणि उतरायचं पॉम्पेई स्कावी–विल्ला देई मिस्तेरी या स्थानकावर, साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांत. नावात पॉम्पेई असलेलं दुसरं स्थानक वेगळ्या मार्गावर, आजच्या गावात आहे. नकाशात नुसतं ‘पॉम्पेई’ टाकलं की घोटाळा होतो. नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईच्या अवशेषांच्या तिकिटावर पाहणाऱ्याचं नाव असतं आणि दिवसाला २०,००० लोकांनाच प्रवेश आहे. म्हणून तिकीट आधी काढा, ओळखपत्र न्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, त्या दिवशी गर्दी विचारू नका. सर्कमवेसुवियानात आणि गारिबाल्दी स्थानकात पाकीट पुढच्या खिशात.

प्रश्न : मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर गोवा आणि कोचीलाही हे सगळं लागतं का? (सांगली)

उत्तर : थोडं. जहाज मुरगावला, वास्कोजवळ लागतं; पणजी तिथून सुमारे तीस किलोमीटर. गोव्यात ओला-उबर नाही, तेव्हा टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा किंवा वास्को बसस्थानकावरून पणजीची कदंबा बस धरा. कोचीला जहाज विलिंग्डन बेटावर लागतं. फोर्ट कोची समोर दिसतं पण मध्ये पाणी आहे. रिक्षाने वळसा घालण्यापेक्षा सरकारी बोट स्वस्त. मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी आणि ज्यूंचं सिनेगॉग शनिवारी बंद असतं.