६४१ ने भाग जातो तो कसा?

प्रश्न : ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे असे सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांना वाटत असे. तिला ६४१ ने भाग जातो, हे लांबलचक भागाकार न करता दाखवता येईल का?

उत्तर : होय, आणि ती सिद्धता फार देखणी आहे. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. याच घडणीच्या (२ चा १ला, २रा, ४था, ८वा व १६वा घात अधिक १) ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मूळ असल्याने फर्मा यांचा तो समज झाला. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलर यांनी ६४१ × ६७,००,४१७ असे तिचे अवयव दाखवले.

आता ६४१ कडे नीट पाहा : ६४१ = ५ × १२८ + १, शिवाय ६४१ = ६२५ + १६. १२८ हा २ चा ७ वा घात असल्यामुळे, पहिल्या समीकरणानुसार ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ धरता येते (पूर्ण भाग जायला १ कमी पडतो). म्हणून दोन्हींचा चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १ येते. दुसऱ्या समीकरणामुळे ६२५ च्या जागी −१६ घेता येतो, आणि १६ हा २ चा ४ था घात असल्याने १६ गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे २ चा ३२ वा घात; म्हणजेच २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ उरते आणि त्यात १ मिळवताच भाग पूर्ण जातो.

६४१ ऑयलर यांना योगायोगाने सापडला नव्हता. या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्यानुसार १९३, २५७, ४४९, ५७७ यांच्यानंतर तपासायची पाचवीच मूळ संख्या ६४१ ठरते.