ऊसतोड टोळीतल्या एका जोडप्याला मुकादम गावी जाऊ देत नाही. ही मानवी तस्करी आहे का? मी काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय, वाळवा तालुक्यात तुमच्या शेताशेजारी उतरलेल्या टोळीतल्या बाईचा बाप वारला तरी तिला जाऊ दिलं नाही, नवरा-बायकोचा फोन मुकादमाकडे आहे आणि ‘उचल फिटल्याशिवाय हलायचं नाही’ असं त्यांना बजावलंय. मी सांगलीत विधी स्वयंसेविका आहे. तुमची शंका रास्त आहे. यात वेठबिगारी दिसते, तस्करीही असू शकते.

नुसती उचल, म्हणजे कामाआधी आगाऊ पैसे, घेतले म्हणून कुणी वेठबिगार होत नाही. बीडकडून येणारे बहुतेक कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, उचल घेऊनच येतात. जायचं म्हटलं तर जाता येतं का, एवढं बघा. त्यांच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, कुलूप नसतं, त्यामुळे रस्त्यावरून सगळं सुरळीत दिसतं. माणूस अडकतो तो मुकादमाच्या वहीत: खाडा पडला की दंड, दवाखान्याचा खर्च उचलीत, आणि पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, वेळी बाकी उलट वाढलेली. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हीसुद्धा वेठच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं. आणि तस्करीच्या गुन्ह्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली, ‘ते राजीखुशीने आले होते’ ही सबब चालत नाही.

मुकादमाशी भांडायला जाऊ नका. टोळी रातोरात दुसऱ्या उसाच्या फडावर हलवली जाते. ती बाई पाणी भरायला येते तेव्हा तुमच्या घरातल्या बायकांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या. तिला काय हवंय ते आधी विचारा. गावाकडे म्हातारी माणसं, लेकरं असतात आणि मुकादम बहुधा त्याच भागातला असतो. मारहाण किंवा कोंडून ठेवणं दिसलं तर मात्र थांबू नका, ११२ लावा. मूल राबत असेल तर १०९८.

लोक चांगल्या मनाने गाडीभाडं देऊन जोडप्याला गावी पाठवतात. मला हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण मुकादम बाकी मागायला त्यांच्या दारात पोचतो. म्हणून तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि मुक्तता प्रमाणपत्र मागा. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्ज संपतं, आणि त्यांच्या हातातला पुरावा म्हणजे हा कागद. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत ३० हजारांपर्यंत तातडीची मदत आहे. पुढे पुरुषाला १ लाख, बाईला २ लाख, तस्करीसारख्या गंभीर प्रकरणात ३ लाख.

मुकादमांचे, वाहनमालकांचेही पैसे बुडतात म्हणाल, तर बुडतात. आपल्या जिल्ह्यात त्यापायी घरं बसली आहेत. पण त्याची दाद कोर्टात मागावी, बापाच्या मातीला निघालेल्या लेकीला अडवून नव्हे.

फुकट वकिलासाठी १५१०० वर फोन करा. अर्जाची पोच घ्या, आणि जबाब घेताना मुकादमाला खोलीबाहेर ठेवायला सांगा.