मुंगीच्या पावलानं येणारं जहाज

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतून कास्टिंगचे कंटेनर घेऊन मी न्हावा शेवाला जातो. तिथं बोटी धक्क्याला लागताना बघितल्यात. एवढं दांडगं इंजिन असून दोन-तीन टग, म्हणजे छोट्या पण ताकदवान बोटी, ढकलत आणतात, तेही मुंगीच्या पावलानं. इतक्या हळू येणाऱ्या बोटीचा ताबा कसा सुटेल? आणि बोटीला ब्रेक नसतो का?
– एक ट्रेलरचालक, शिरोली

उत्तर : ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवायचं, एवढाच इलाज. पण मोठ्या कंटेनर जहाजाला गिअरबॉक्स नसतो, क्लचही नसतो. पाणी कापणारा पंखा (प्रोपेलर) थेट इंजिनच्या शाफ्टला जोडलेला. मागं जायचं तर इंजिन बंद करायचं आणि दाबाच्या हवेनं उलट्या दिशेनं पुन्हा सुरू करायचं. जहाज वेगात असेल तर वाहतं पाणीच पंखा पुढच्या दिशेनं फिरवत राहतं. वेग उतरल्याशिवाय इंजिन उलटं धरत नाही. त्यात हवेचा साठा मोजका, नियमानं कमीत कमी 12 वेळा इंजिन सुरू होईल इतका असावा लागतो. पायलटनं, म्हणजे जहाज बंदरात आणणाऱ्या वाटाड्यानं, चालू-बंदचा सपाटा लावला की इंजिनरूममधून फोन ठरलेला, ‘सर, हवा संपत आली.’

भरवेगात असताना इंजिन पूर्ण उलटं टाकलं, तर आपल्या लांबीच्या 15 पटींच्या आत जहाज थांबायला हवं, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. 400 मीटरच्या जहाजाला हा हिशेब 6 किलोमीटरचा होतो. फारच जड जहाजांना त्यातही सवलत मिळते.

आता ताब्याचं. तुम्ही वेग कमी केला की ट्रेलर जास्त ताब्यात येतो. आमच्याकडं जहाजावर नेमकं उलटं. सुकाणू असतं पंख्याच्या मागं, आणि त्याला जोर मिळतो तो त्याच्यावर येणाऱ्या पाण्याचा. वेग उतरला, पंखा थांबला की पाण्याचा मारा संपला. मग सुकाणू हे नुसतं लोखंडाचं फळकूट. इंजिन चालूच ठेवावं म्हटलं, तर मोठ्या कंटेनर जहाजांचा ‘डेड स्लो’, म्हणजे इंजिनाचा सगळ्यात कमी वेगसुद्धा सहा-सात नॉटचा, म्हणजे ताशी 11 ते 13 किलोमीटर. त्या वेगानं धक्क्याकडं कोण जाईल?

त्यावर एक युक्ती आहे. जहाज जेमतेम सरकतंय, इंजिन बंद. पायलट म्हणतो ‘हार्ड पोर्ट’. चाकावरचा सुकाणी तेच शब्द मोठ्यानं परत म्हणतो आणि चाक पूर्ण डावीकडं नेतो. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, ढिम्म हलत नाही. मग ‘स्लो अहेड’. पायाखाली ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, थरथरायला लागतो, पंख्याचं पाणी वळलेल्या सुकाणूवर आदळतं, जहाजाची पाठ उजवीकडं ढकलली जाते आणि नाळ डावीकडं निघते. ती निघाली रे निघाली की लगेच ‘स्टॉप’. दोन लाख टनांचं धूड पुढं वेग घ्यायच्या आत वळायला लागलेलं असतं. हे काम ज्याला जमलं त्याला जहाज कळलं, असं माझं मत. बाकीचं बरंचसं पुस्तकात मिळतं.

वळणं हासुद्धा तुमच्यापेक्षा वेगळा प्रकार. ट्रेलरची शेपटी वळणावर आत कापते, जहाजाची बाहेर फेकली जाते. पुढं चाललेलं जहाज ज्या बिंदूभोवती वळल्यासारखं वाटतं, तो नाळेपासून साधारण पाव ते एक-तृतीयांश लांबीवर असतो. त्यामुळं जहाज पुढं जात असताना नाळेजवळ लावलेला टग कितीही ढकलो, वळवायला त्याचा उपयोग थोडा. तोच टग मागं लावला तर पाठ सहज फिरते. जहाज मागं सरकायला लागलं की तो बिंदूही मागं जातो आणि टगांचा सगळा हिशेब बदलतो. शिवाय उजव्या फिरकीचा पंखा (मागून बघितलं तर पुढं जाताना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरणारा) उलटा फिरवला की जहाजाची पाठ आपोआप डावीकडं जाते. म्हणून अशा जहाजाची डावी बाजू धक्क्याला लावणं त्यातल्या त्यात सोपं.

वरून वारा. डेकवर रचलेले तुमचे ते कंटेनर म्हणजे शेकडो मीटरची भिंत. हळू चाललेल्या जहाजाला वारा आडवं ढकलतो आणि सुकाणूत तर त्या वेळी जीव नसतो. म्हणून टग लागतात. शेवटी एवढं वजन सेकंदाला 10-15 सेंटिमीटरहून जास्त वेगानं धक्क्याला टेकवायचं नसतं. जोरात टेकलं तर फेंडर (धक्क्यावरच्या रबरी गाद्या) आणि जहाजाचा पत्रा, दोन्ही जातात.

टग नसताना काय होतं ते 26 मार्च 2024 ला अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये दिसलं. ‘डाली’ जहाजाला धक्क्यावरून काढून टग परत गेले होते. पुढं वीज गेली, इंजिन बंद पडलं. नांगर टाकला, पण इतक्या कमी अंतरात नांगर काय थांबवणार? जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. त्या जहाजावरचे बहुतेक खलाशी आपल्याकडचेच होते.

प्रश्न : पायलट जहाजावर आला की कॅप्टनचा हुकूम चालत नाही, हे खरं का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : नाही. पायलट त्या बंदराचं पाणी, ओहोटी-भरती, गाळ ओळखतो आणि हुकूमही बहुधा तोच देतो; पण जबाबदारी कॅप्टनचीच राहते. पायलटचं चुकतंय असं दिसलं तर कॅप्टननं मध्ये पडायचं असतं. बोलायला सोपं आहे. अनोळखी बंदरात, पन्नास वर्षांच्या पायलटला थांबवायला धाडस लागतं. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये आडवं अडकलं, तेव्हा त्यावर कालव्याचे दोन पायलट होते, आणि तरी सुएझच्या नियमांनुसार जबाबदार कॅप्टनच. अपवाद पनामा कालव्याचा. तिथं जहाज चालवण्याचा ताबाच पायलटकडं जातो.