'त्सदाका'ला 'दान' म्हणावे का?

मुलांच्या मासिकासाठी ज्यू बोधकथांचे रूपांतर करणाऱ्या एका वाचक भगिनीने दोन गोष्टी विचारल्या आहेत. इंग्रजी पुस्तकांत आढळणारा 'त्झेडाका' असा काहीसा शब्द मराठीत कसा लिहावा, आणि त्यासाठी 'दान' हा शब्द चालेल का? प्रश्न वेळेवर आला आहे, कारण प्रेरणादायी व्याख्यानांतून हा शब्द अलीकडे वरचेवर कानांवर पडतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याची ओळख 'ज्यूंची चॅरिटी' अशी करून दिली जाते. हे ऐकून मी खरोखर वैतागलो आहे.

उच्चाराचे आधी पाहू. 'त्झेडाका' हा उच्चार कोणत्याही ज्यू समाजात होत नाही, तो इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांनी वाचल्यामुळे झाला आहे. शब्दारंभीचे हिब्रू अक्षर 'त्सादे' आहे. येमेनी ज्यू त्याचा भारदस्त 'स' करतात, तर आधुनिक इस्राएलमध्ये त्याचा 'त्स' होतो. हा 'त्स' म्हणजे आपल्या 'चोर' आणि 'चूल' या शब्दांतला दंत्य 'च' होय, त्यामुळे मराठी माणसाला तो वेगळा शिकावा लागत नाही. लेखनात 'त्सदाका' असे लिहावे.

आता अर्थ. 'दान' या शब्दाची सारी भिस्त देणाऱ्यावर आहे. 'दा' म्हणजे देणे. दानशूर कर्णाची कथा आपण सांगतो तेव्हा कवचकुंडले कोणाला मिळाली यापेक्षा ती कोणी दिली याचे महत्त्व अधिक असते. 'त्सदाका'चे मूळ मात्र 'त्सेदेक' म्हणजे न्याय, रास्तपणा यात आहे, आणि 'त्सादिक' म्हणजे धर्मनिष्ठ मनुष्य हा त्याच कुळातला शब्द आहे. बायबलातील 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या २४व्या अध्यायात सावकाराला आज्ञा आहे की, गरिबाने गहाण ठेवलेले पांघरूण सूर्य मावळण्याआधी त्याला परत द्यावे, म्हणजे तो ते पांघरून झोपेल, तुला आशीर्वाद देईल आणि परमेश्वरासमोर ती तुझी त्सदाका ठरेल. सावकाराने येथे दान असे काहीच केलेले नाही. पांघरूण त्या गरिबाचेच होते.

येथवर आले की काही धर्मोपदेशक आणि त्यांच्या मागोमाग काही कोशकार उत्साहाने जाहीर करतात की, त्सदाका म्हणजे निव्वळ न्याय, भिक्षेशी तिचा संबंधच नाही. हे मला मुळीच मान्य नाही. मूळ धातूचा अर्थ हाच शब्दाचा कायमचा अर्थ, असे मानण्याची ही खोड व्युत्पत्तीच्या अभ्यासाला बदनाम करते. तोराचे, म्हणजे बायबलातील पहिल्या पाच ग्रंथांचे, ग्रीक भाषांतर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानतात. त्यात नेमक्या याच पांघरुणाच्या वचनात 'एलेएमोसिने' म्हणजे दया असा शब्द योजला आहे, आणि भिक्षेला इंग्रजीत जो शब्द आहे तो पुढे त्यातूनच आला. बायबलातील दानिएलाच्या ग्रंथाच्या आर्मेइक (हिब्रूची भगिनी भाषा) मजकुरात हाच शब्द गरिबांवरच्या दयेच्या जोडीने येतो. तालमूद या ज्यू धर्मशास्त्रीय चर्चासंग्रहाच्या काळापर्यंत तर गावाच्या मदतनिधीला 'त्सदाकाची कुप्पा', म्हणजे पेटी, असेच म्हणत. तिचा पैसा दोघांनी मिळून गोळा करावा आणि तिघांनी मिळून वाटावा, असा नियम होता. शब्दात न्यायही आहे आणि मदतही आहे, आणि अनुवादकाची खरी अडचण या दोहोंच्या एकत्र असण्यातच आहे.

मला सर्वांत प्रिय असलेला धागा मात्र याच्या शेजारच्या शब्दाचा आहे. बाराव्या शतकातील ज्यू धर्मशास्त्रज्ञ मैमोनिदेसने आपल्या धर्मसंहितेत लिहिले आहे की, ऐपत असून जो त्सदाका देत नाही त्याला न्यायसभेने सक्ती करावी, आणि जो स्वतः त्सदाकेवर जगतो त्यानेही त्यातून थोडी द्यावी. ज्यात सक्ती आहे ते देणे कराच्या जवळ जाते, आणि कर म्हटला की मराठी माणसाला 'जकात' आठवते. गोव्यातील बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवण्याची शिवाजी महाराजांची १६७१ सालची आज्ञा प्रसिद्ध आहे. २०१७ साली जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली, तोवर हा शब्द ट्रकचालकांच्या रोजच्या तोंडी होता. तो आपल्याकडे फारसीतून आला, फारसीत अरबी 'जकात'मधून, आणि तेथे तो इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक असलेल्या अनिवार्य देण्याचे नाव आहे. अरबी वैयाकरण त्याचा संबंध वाढणे, शुद्ध होणे या अर्थाच्या अरबी धातूशी जोडून थांबतात. धातू अरबीत आहे हे खरे, पण ते स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. कुराणाच्या जुन्या लेखनपद्धतीत हा शब्द 'वाव' हे अक्षर घालून लिहितात, 'सलात' (नमाज) हा शब्दही तसाच लिहितात, आणि या दोन्ही शब्दांमागे आर्मेइक रूपे आहेत असे म्हणणाऱ्या अभ्यासकांच्या बाजूने मी ठामपणे उभा आहे. 'जकात'मागचे आर्मेइक रूप 'झाखूता', आणि त्याचे हिब्रू भावंड 'झखूत'.

या 'झखूत'चा अर्थ काय? पुण्याई. 'झखूत आवोत' म्हणजे शब्दशः पूर्वजांची पुण्याई. आपण 'वाडवडिलांच्या पुण्याईने निभावले' म्हणतो, तसेच ज्यू प्रार्थनेत अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या पुण्याईचा आधार घेतला जातो. मिठावरचा कर आणि कुलपुरुषांची पुण्याई एकाच घरातून निघालेली असावी, याचा मला विलक्षण आनंद वाटतो.

पुण्याईचा विषय निघाला आहे, तर तालमूदमधील रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवाच्या मुलीची कथा मासिकात अवश्य घ्यावी. ज्योतिष्यांनी अकिवाला सांगितले होते की, लग्नाच्या दिवशी तुझ्या मुलीला सर्पदंश होऊन ती मरेल. त्या रात्री तिने केसांतला काटा काढून भिंतीच्या फटीत खोचला. सकाळी तो उपसून घेतला, तर डोळ्यात काटा घुसलेला साप त्यासोबत ओढला जाऊन बाहेर आला. बापाने विचारले, "तू काय केलेस?" ती म्हणाली, "संध्याकाळी एक गरीब दाराशी येऊन हाका मारत होता. सगळे जेवणावळीत गुंतले होते, कोणाला ऐकू गेले नाही. मी उठले आणि तुम्ही मला दिलेला वाटा त्याला दिला." बापाने विचारेपर्यंत तिने ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नाही, आणि दिलेला घास तिच्या स्वतःच्या ताटातला होता. या दोन तपशिलांना रूपांतरात धक्का लागू देऊ नये. यानंतर अकिवाने बाहेर जाऊन बायबलातील 'नीतिसूत्रे' या ग्रंथातले वचन शिकवले: त्सदाका मृत्यूपासून सोडवते, आणि केवळ अपमृत्यूपासून नव्हे, तर मृत्यूपासूनच. तालमूदमधला तो शब्दप्रयोग आपल्या 'अपमृत्यू'शी तंतोतंत जुळतो, त्यामुळे दुसरा शब्द शोधत बसू नये.

त्याच वचनात मराठी बायबल 'नीतिमत्त्व' म्हणते. मूळ वचनापुरते ते योग्य आहे, पण या कथेत तो शब्द घातला तर दारातला भुकेला माणूस वाक्यातून नाहीसा होतो. 'दान' घातले तर न्याय नाहीसा होतो. 'भिक्षा' मागणाऱ्याच्या बाजूची आहे, आणि 'चॅरिटी' लॅटिनमधल्या प्रेमवाचक शब्दावरून आलेली आहे, त्सदाका मात्र मनात प्रेम नसतानाही द्यावीच लागते.

माझे मत 'धर्म' या शब्दाला आहे. धृ म्हणजे धारण करणे, त्यावरून जे रास्त आहे ते, आणि पुढे मराठीत तोच शब्द गरिबाला देण्यासाठी रुळला. 'धर्म कर गं माय' म्हणणारा माणूस कोणत्या संप्रदायाविषयी बोलत नसतो. धर्मादाय, धर्मशाळा आणि 'धर्माचे जेवण' यांतला धर्म तोच आहे. हिब्रूत न्यायाचा शब्द जसा मदतीकडे वळला, तसाच मराठीत हा वळला, आणि कोणी कोणाकडून उसना न घेता वळला. 'धर्म' म्हटले की आजचे मूल रिलिजन समजेल, असा आक्षेप येईल. त्यावर उपाय क्रियापदात आहे: 'धर्म पाळला' आणि 'धर्म केला' यांतला फरक मराठी कानाला अजून कळतो. म्हणून कथेत पहिल्यांदा 'त्सदाका' हा शब्द ठेवावा, लगेच 'म्हणजे धर्म करणे' असे जोडावे, आणि पुढे सर्वत्र 'धर्म केला', 'धर्म दिला' अशीच वाक्ये ठेवावीत. 'दानधर्म' हा जोडशब्द संपादकांनी सुचवला तर स्वीकारण्यास हरकत नाही, सुटे 'दान' मात्र स्वीकारू नये.